डीपीवाला मांगे काय करी राहिना?

पत्र

ताई, नमस्कार.

मी अमळनेरचा. वय १९, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही चौघं मित्र तीन वर्षांपासून बीजीएमआय, म्हणजे पब्जीचा भारतातला अवतार असलेला मोबाईलवरचा बंदुकांचा खेळ, एकत्र खेळतो. एक धरणगावचा, एक आता पुण्याला कंपनीत लागलाय, आणि कॅप्टन आमच्याच गल्लीतला. तिघंही एम४१६ रायफल सोडून काही उचलत नाहीत. मला डीपी-२८ ही मशीनगन आवडते, सोबत व्हीएसएस ही स्नायपर. ह्या दोन गन मिळेपर्यंत मी शोधत राहतो, आणि मिळाल्या की दुसऱ्या कशाकडे बघत नाही. आधी मित्र हसायचे, आता चिडतात. मॅच गेली की 'डीपीमुळे गेली'. गणपतीत आमच्या भागातल्या मंडळाने स्पर्धा ठेवली आहे, पहिलं बक्षीस ५,००१ रुपये. कॅप्टन म्हणाला, एम४ उचलणार असशील तर चौथा तू, नाहीतर माझ्याकडे दुसरा पोरगा तयार आहे. ताई, गेल्या आठवड्यात मी एका मॅचमध्ये एकट्याने डीपीवर समोरचे चार जण मारले, चार फिनिश काढले, तरी कुणी शब्दाने बोललं नाही (तिघंही तेव्हा आधीच गेलेले होते). मी गन सोडू की मित्र सोडू?

— अमळनेरचा डीपीवाला

उत्तर

भाऊ,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या कंसात अडकले. चार फिनिश तू वाक्यात लिहिलेस आणि तीन मित्र कंसात टाकलेस. त्या कंसाकडे मी येणार आहेच. पण आधी तुझ्या बाजूचं बोलते. एक तर तुझ्या मित्रांचं सगळंच बरोबर आहे असं नाही, आणि दुसरं, आल्या आल्या रागावले तर तू पुढचं वाचणार नाहीस.

डीपी वाईट गन नाही. दिसायला विचित्र आहे, हे कबूल. ते वरचं गोल मॅगझिन बघितलं की कुणीतरी बंदुकीवर उपडं खापर ठेवलंय आणि आता मांडे टाकणार, असंच मला वाटतं. पण त्या खापरात ४७ गोळ्या बसतात. खऱ्या बंदुकीतही ४७च बसायच्या. देगत्यारेव नावाच्या माणसाने ती सोव्हिएत सैन्यासाठी बनवली, १९२७ साली सैन्याने ती घेतली आणि दुसरं महायुद्धही तिच्यावर काढलं. तुझ्या मित्रांच्या एम४ला साधं मॅगझिन असेल तर ३० गोळ्या, एक्स्टेंडेड मिळालं तर ४०. डीपीची गोळी ७.६२ची, एम४ची ५.५६ची, म्हणजे एकेक गोळी मोजली तर तुझी जड लागते. वेग कमी आहे, ठक ठक ठक चालते. पण जमिनीवर झोपून मारलीस तर पुढचे दोन पाय टेकतात आणि गन वर उडत नाही. धावत्या गाडीवर तर मला ती एम४पेक्षा बरी वाटते.

आणि एक गोष्ट तुझ्या कॅप्टनला कुणी सांगितलेली दिसत नाही. डीपी कुणाच्या ताटातलं मागत नाही. एम४ला जोडभागांच्या पाच जागा भरायच्या असतात: तोंडाला कॉम्पेन्सेटर, खाली ग्रिप, मॅगझिन, मागे टॅक्टिकल स्टॉक, वर स्कोप. पाचही लागल्या तर एम४ लोण्यासारखी चालते. नाही लागल्या तर तीच एम४ लांबच्या माणसावर मारताना अंगात आल्यासारखी हलते. आता चौघं नकाशावरच्या पोचिंकी गावात उतरलात आणि चौघांनाही एम४च हवी, तर वीस वस्तू जमवायच्या. पहिल्या पाच मिनिटांत तेवढ्या कुठे मिळतात? मग सुरू होतं, 'ग्रिप माझी होती रे', 'स्टॉक दे ना भो'. डीपीला स्कोप सोडला तर लावायला काही नाहीच. तू डीपी उचललीस की तुझ्या वाटची ग्रिप, स्टॉक, मॅगझिन सगळं त्या तिघांना मोकळं होतं.

गोळ्यांचंही तेच. चौघं ५.५६वर म्हणजे बट्टी कुस्करून पंगतीला चौघं बसलेत आणि वरणाचं गंज एकच. खेळायचं रिंगण आवळत आवळत शेवटच्या दोन झोनमध्ये पोचेपर्यंत कुणाकडे चाळीस उरतात, कुणाकडे साठ, आणि जो तो दुसऱ्याकडे मागतो. तू ७.६२वर असलास तर त्या गंजातला एक जेवणारा कमी झाला. मात्र तिघांपैकी एकाने एकेएम किंवा कार९८ ही ७.६२चीच गन धरली तर तुला गोळ्या द्यायला-घ्यायला कुणीतरी होईल, नाहीतर तूही एकटाच वाडगं घेऊन फिरशील. हे कॅप्टनशी बोलायचं एक कलम समज.

'सगळे एम४ वापरतात म्हणून एम४', ह्या म्हणण्यावर माझा फारसा विश्वास नाही. काउंटर-स्ट्राइक ग्लोबल ऑफेन्सिव्ह ह्या कॉम्प्युटरवरच्या खेळात बंदुका विकत घ्याव्या लागायच्या, आणि त्यात ऑग नावाची एक रायफल होती. वर्षानुवर्षं तिला कुणी विचारत नव्हतं. ती घेणाऱ्याला नवखा समजायचे. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिची किंमत ३,३०० डॉलरवरून ३,१५० केली. (खेळातले डॉलर, घाबरू नकोस.) दीडशेचा फरक. काही महिन्यांत जगातले मोठमोठे व्यावसायिक खेळाडू ऑग घेऊन उभे दिसायला लागले. तीच गन, तीच गोळी, तीच दुर्बीण. २०१९ मध्ये किंमत परत ३,३०० झाली आणि ऑगची चलती ओसरली. माणसं गन निवडताना गनपेक्षा शेजारच्याकडे जास्त बघतात. कापसाला भाव आला की पुढच्या वर्षी सगळ्या शिवारात कापूस, तसं आहे हे.

झालं तुझ्या बाजूचं. आता कंस.

मी हे सदर लिहिते म्हणून तुम्हाला वाटत असेल की ताई पुस्तकातून बोलते. २००५-०६च्या सुमारास धुळ्यात पाच कंदीलच्या अलीकडे माझ्या भावाचा सायबर कॅफे होता. दहा कॉम्प्युटर, त्यातले नऊ चालू आणि एक कायम फॉरमॅटला. दिवसा पोरं रिझल्ट बघायला आणि फॉर्म भरायला यायची, संध्याकाळी सातनंतर काउंटर-स्ट्राइक १.६, त्याच खेळाची जुनी आवृत्ती. मी कॉलेज सुटल्यावर गल्ल्यावर बसायचे. एखादा गडी कमी पडला की भाऊ म्हणायचा, बस तू. लाईन गेली की सगळा कॅफे एकदम एका सुरात ओरडायचा, तो आवाज अजून कानात आहे.

त्या खेळात दर फेरीला पैसे मिळतात आणि त्या पैशांतून बंदूक घ्यावी लागते. सगळी पोरं एके घ्यायची किंवा एडब्ल्यूपी. मला आवडायची एम२४९, मोठी मशीनगन. बी, पाच, एक, ही तीन बटणं मी डोळे मिटून दाबायचे. किंमत ५,७५०. ती घेतली की पोरं हसायची, 'ताई पोकलेन घेऊन आली.' मला वाटायचं ही पोरं मुलीला हसतात. काही हसतही असतील. पण एका संध्याकाळी शेवटची फेरी होती, बरोबरीत होतो, माझ्याकडे सहा हजारांच्या आसपास साठले होते. माझ्या बाजूच्या दोघांकडे नुसतं पिस्तूल. मी बी, पाच, एक दाबलं. हरलो. भाऊ ओरडला नाही. गल्ल्यावर पैसे मोजता मोजता म्हणाला, 'तेवढ्यात दोन एके आल्या असत्या.' एके २,५००ची. दोन म्हणजे पाच हजार. एक स्वतःला ठेवून दुसरी 'जी' बटण दाबून खाली टाकली असती, तर पिस्तूलवाल्याने उचलली असती, आणि वर साडेसातशे उरले असते.

मी तेव्हा भांडले. घरी जाऊन जेवले पण नाही. पण हिशोब काही चुकीचा नव्हता.

माझी बंदूक वाईट होती असं तो म्हणालाच नव्हता. तिची किंमत कोण भरतंय, हे त्याने विचारलं होतं. तुझ्या पत्रात मला तेच दिसतं. तुमच्या खेळात बंदूक विकत घ्यावी लागत नाही, जमिनीवर पडलेली असते, म्हणून वाटतं फुकट आहे. फुकट नाही. डीपीचं ते खापर बदलायला पाच सेकंदांच्या वर जातात. नेम लागायला बसावं किंवा झोपावं लागतं. दारातून आत शिरताना ती अंगाला जड पडते. हा सगळा खर्च तू करत नाहीस, तुझे तीन मित्र करतात. ते घरात शिरलेत, तू ऐंशी मीटर मागे टेकडीवर पोटावर पडलायस, खापर रिकामं झालंय, आणि कानात अहिराणीत आवाज येतोय, 'आठे शे, आठे शे! डीपीवाला कोठे शे?'

तुझे ते चार फिनिश कसे आले, हे मी न बघता सांगते. चूक निघाले तर पुढच्या वेळी भरीत-पुरी माझ्याकडून. तिघं आत मेले. समोरची चौकडी त्यांच्या मागे उरलेल्या सामानाच्या पेट्या लुटायला वाकली. तू वरून, झोपून, निवांत नेम धरून एकेकाला टिपलंस. नेम चांगला आहे तुझा, शंका नाही. पण समोरचे वाकले ते तुझ्या मित्रांच्या पेट्यांवर. आता सांग, त्यावर कुणी शाबास कसं म्हणणार? तुझ्या सगळ्या पत्रात कुठली गन, किती गोळ्या, किती फिनिश हे आलंय. तू उभा कुठे होतास, हे एकदाही आलेलं नाही.

तापीकाठी शिंदखेड्याकडे माझं आजोळ. दादर ज्वारी दाण्यावर आली की मामा माळ्यावर चढायचे, हातात गोफण. मी लहानपणी त्यांना विचारायचे, मामा, आज किती पाखरं मारली? ते हसायचे. दिवसभरात एकही नाही. गोफण फिरायची, दगड सुटताना फट् असा आवाज व्हायचा आणि अख्खा थवा कणसांवरून उठायचा. दगड कुठे पडला ह्याच्याशी मामांना देणंघेणं नव्हतं. पाखरू बसता कामा नये, एवढंच काम. थवा परत वळायच्या आत दुसरा दगड तयार पाहिजे. आणि हे सगळं कधी, तर खाली आई-मावशी शेतात काम करत असताना. माळा शेताच्या मधोमध असतो, बांधाच्या पलीकडे नसतो.

डीपी ही गोफण आहे, भाऊ. तू तिला स्नायपरसारखी वापरतोस. ४७ गोळ्या कशासाठी आहेत? खिडकीतल्या माणसाने सात-आठ सेकंद डोकं वर काढू नये, ह्यासाठी. तेवढ्यात कॅप्टन रस्ता ओलांडतो. कुणी नॉक झाला, म्हणजे मेला नाही पण खाली पडला, तर त्याला उठवायला जवळपास दहा सेकंद लागतात, आणि ते दहा सेकंद एम४वाला राखू शकत नाही, मध्येच त्याचं मॅगझिन संपतं. तू राखू शकतोस. थांबून थांबून, चार-पाच गोळ्यांचे तुकडे पाडून मारलंस तर ४७ गोळ्या दहा सेकंद सहज पुरतात. त्यात तुझा फिनिश एकही येणार नाही कदाचित. स्कोरकार्डवर शून्य. पण पडलेला मित्र उठून परत पळतोय.

आमच्या गल्लीत एक फौजी आबा होते. रिटायर होऊन आले तेव्हा मी शाळेत होते. ते सांगायचे, सेक्शनमध्ये, म्हणजे सैन्याच्या लहान तुकडीत, एलएमजी म्हणजे हलकी मशीनगन एकट्याची नसते. नंबर एक चालवतो, नंबर दोन त्याच्या बाजूला असतो, मॅगझिन देतो, कुठे मारायचं ते बघतो. ब्रेन नावाच्या जुन्या मशीनगनच्या काळात तर सेक्शनमधला रायफलवालासुद्धा ब्रेनची मॅगझिनं स्वतःच्या अंगावर वागवायचा. मशीनगनवाल्याला सगळे जपतात, कारण तो सगळ्यांना जपतो. आबा हे सांगताना नंबर दोनची जागा हाताने दाखवायचे, इथे, खांद्याला खांदा. तुमच्यात नंबर दोन कुणीच नाही. तू गन निवडलीस आणि निघून गेलास टेकडीवर.

तर गन सोडू नकोस. टेकडी सोड.

म्हणजे काय करायचं ते सांगते. उतरल्यावर डीपी शोधत हिंडायचं बंद. 'मिळेपर्यंत शोधत राहतो' हे वाक्य वाचून मी तुझ्या कॅप्टनच्या जागी असते तर मीही दुसरा पोरगा बघितला असता. जी पहिली गन हाताला लागेल ती घ्यायची, मग ती एम४ असो, स्कार असो, नाहीतर साधी यूएमपी. डीपी वाटेत आली तर घ्यायची, नाही आली तर त्या मॅचला नाही. त्यासाठी एम४चाही सराव ठेव, रोज पंधरा मिनिटं ट्रेनिंग ग्राउंडवर. हे वाचून तुला वाटेल ताईने शेवटी कॅप्टनचंच ऐकलं. नाही. ज्याला एम४ येते आणि तरी तो डीपी उचलतो, त्याच्या डीपीला किंमत असते. एम४ येत नाही म्हणून डीपी, हे वेगळं. कॅप्टनला ह्यातलं कोणतं वाटतंय, विचारून बघ.

अंतराचं सांगायचं तर घरावर चाल करणाऱ्या तिघांपासून तीस-चाळीस मीटर, त्याहून लांब नको, आणि शक्यतो त्यांच्या सरळ मागे नको. बाजूला. मागे राहिलास तर तुझ्या नेमाच्या रेषेत तुझेच मित्र येतात आणि खिडकी दिसत नाही. बाजूला असलास तर त्यांना समोरची खिडकी, तुला बाजूची. ते आत शिरले की तूही उठायचं आणि दुसरी गन हातात घ्यायची. पोटावर पडून राहायचं नाही.

आणि तोंड उघडायचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि पोरांना सगळ्यात कंटाळवाणं वाटतं. खापर बदलायला घेतलंस की आधी बोल, 'मी भरी राहिनू', म्हणजे मी भरतोय. तीनच शब्द. ते ऐकून कॅप्टन पाच सेकंद दाराबाहेर थांबेल. तू गप्प राहिलास तर तो शिरेल, आणि मग 'डीपीमुळे गेली'. तुमची अर्धी भांडणं ह्या तीन शब्दांवाचून होत असणार. गोळ्या कमी झाल्या की तेही सांगायचं. कव्हर देतोय तेव्हा 'आता जा' म्हणायचं, 'आता थांब' म्हणायचं. डीपीवाल्याने स्क्वाडमध्ये सगळ्यात जास्त बोललं पाहिजे, कारण त्याला सगळ्यात जास्त दिसतं.

ह्याच ओघात तुमच्या 'आठे शे'बद्दल बोलू दे, हसू नकोस. माझ्या भाच्यांचाही हाच घोळ. ओरडतात सगळे, 'आठे शे रे, आठे!' आठे म्हणजे इथे, पण चार मोबाईलवर चार आठे असतात ना! पुण्यात बसलेल्याने धरणगाववाल्याचं आठे कसं ओळखायचं? स्क्रीनच्या वर होकायंत्राची पट्टी आहे, तिच्यावर आकडे आहेत. 'दोनशे चाळीस, झाडना मांगे, एक शे.' झालं. अहिराणी सोडायची गरज नाही, उलट समोरच्या टीमला कळायची भीती नाही. फक्त आकडा घाला. ही सवय तिघांनाही लावून घ्यावी लागेल, आणि ती लावायची सुरुवात तू केलीस तर मंडळाच्या स्पर्धेपर्यंत तुमची गाडी रुळावर येईल.

व्हीएसएसबद्दल मात्र माझं मत तुला आवडणार नाही. ती सोड. डीपीसाठी मी एवढं भांडले, पण व्हीएसएससाठी भांडायला माझ्याकडे काही नाही. आवाज येत नाही, चारचा स्कोप बसवूनच मिळतो, हातात धरायला छान वाटते, सगळं मान्य. पण मूळ पब्जीच्या आकड्यांत तिची गोळी सेकंदाला ३३० मीटर जाते आणि एम४१६ची ८८०. म्हणजे तीनशे मीटरवरच्या माणसावर तू नेम धरलास तर गोळी पोचायला जवळपास एक सेकंद. तेवढ्यात पळणारा माणूस पाच-सहा मीटर पुढे गेलेला असतो. त्यात गोळी वाटेत खाली पडते. लागली तरी हळू लागते, आणि साधं मॅगझिन दहाचं. हा स्कोप काढता येत नाही, म्हणजे खोलीत कुणी अंगावर आला तर ती जवळजवळ काठीच. डीपी लांबून मारायची आणि व्हीएसएसही लांबूनच मारायची. मग दारात कोण लढणार? तेच तिघं. दोन गनच्या जागा, आणि दोन्ही तू टेकडीवरून वापरायच्या गननी भरल्यास. डीपीने मित्रांना काहीतरी परत मिळतं. व्हीएसएसने फक्त तुला मजा येते. मजा वाईट नाही, रविवारी दुपारी अनोळखी पोरांबरोबर रँडम मॅच खेळतोस तेव्हा व्हीएसएस घे, हवं तर नुसता तवा घेऊन पळ. स्पर्धेत दुसरी गन यूएमपी किंवा एखादी शॉटगन. यूएमपीला .४५च्या गोळ्या लागतात, म्हणजे तिथेही तू कुणाच्या गंजात हात घालत नाहीस.

आता कॅप्टनशी बोलायचं कसं. फोनवर नको, ग्रुपवर तर अजिबात नको. ग्रुपवर पुण्याचा मित्र हसणारी इमोजी टाकेल आणि विषय तिथेच संपेल. गल्लीतलाच आहे ना तो? संध्याकाळी बोरीच्या पुलाकडे फिरायला ने, नाहीतर शेवभाजीच्या गाडीवर बसवून विचार. सुरुवात डीपीच्या गुणगानाने करू नकोस, ते मी वर केलंय तेवढं पुरे. सुरुवात त्या मॅचने कर. 'त्या दिवशी तुम्ही तिघं मेलात तेव्हा मी लांब होतो, ते चुकलं.' एवढं एक वाक्य आधी गेलं की पुढचं सगळं त्याला ऐकू येईल. मग दहा मॅच माग. दहा मॅच तू अंतर राखून, बोलून, रिकामं झालं की सांगून खेळशील. फिनिश मोजायचे नाहीत. मोजायचं काय, तर चौघांपैकी किती जण शेवटच्या झोनपर्यंत जिवंत होते. वहीत लिहा, दोघांनी मिळून. वहीतला आकडा आधीपेक्षा वाढला नाही तर तू बिनबोभाट एम४ उचल, स्पर्धा खेळ आणि डीपी रविवारी.

मंडळाचे नियमही आधी विचारून घ्या. बीजीएमआयच्या मोठ्या स्पर्धांत पहिल्या नंबराला दहा गुण असतात आणि एका फिनिशला एक. तुमच्याकडे असाच हिशोब असेल तर कॅप्टनची घरात शिरायची घाई जरा कमी व्हायला हवी, आणि तुझी गन त्याला जास्त कामाची वाटायला हवी. नुसत्या फिनिशवर बक्षीस असेल तर मात्र त्याचं म्हणणं बरोबर आहे, तिथे एम४च बरी.

आणि एवढं करूनही तो म्हणाला, 'नाही, दुसरा पोरगा पक्का झालाय'? तर खेळू दे त्यांना. पाचवा म्हणून बस, पण बसताना तोंड पाडून बसू नकोस. पाणी आण, चार्जर सांभाळ, समोरच्या टीमा कुठे उतरतात ते बघून ठेव. तीन वर्षं ज्यांच्याशी रात्री बारापर्यंत बोललास ते मित्र एका स्पर्धेसाठी सोडायचे नसतात. 'गन की मित्र' असा सवाल तू मला टाकलास, पण कॅप्टनने तुला तो टाकलेला नाही. त्याला फक्त चौथा गडी जवळ हवा आहे, तेही माझ्या अंदाजाने गनपेक्षा जास्त.

तुझ्या आईचं पत्र आलं नाही म्हणून झोपेबद्दल काही लिहीत नाही. पण स्पर्धेच्या आदल्या रात्री दोनपर्यंत सराव करू नका, एवढं आपलं माझ्याकडून.

दहा मॅचचं काय झालं ते कळव. आणि मंडळाच्या रूममध्ये प्रेक्षकांची जागा ठेवणार असतील तर आयडी आणि पासवर्ड पाठव. तुझं खापर कसं फिरतं ते मला बघायचंय.

— ताई